वेगाच्या देवाला वाहिलेले पिस्टन

न्यूझीलंड हा देश नकाशावर शोधायचा तर नजर अगदी खाली, उजव्या कोपऱ्यात न्यावी लागते. त्या देशाच्याही दक्षिण टोकाला इन्व्हरकार्गिल हे शहर आहे. तिथून पुढे एखादे बेट सोडले तर नुसता समुद्र, आणि समुद्रापलीकडे अंटार्क्टिकाचे बर्फ. या शहरातल्या एका गॅरेजवजा शेडमध्ये, भिंतीवरच्या फळ्यांवर, एक विचित्र संग्रह मांडून ठेवलेला असे. भोके पडलेले पिस्टन, मोडलेले कनेक्टिंग रॉड आणि असेच कामातून गेलेले इंजिनचे भाग. कोणत्याही मिस्त्रीने किलोवर भंगारात घातले असते असे हे सामान. पण शेडच्या मालकाने ते जपले होते आणि वर लिहून ठेवले होते, की हा सगळा वेगाच्या देवाला वाहिलेला नैवेद्य आहे.

या मालकाचे नाव हर्बर्ट जेम्स मन्रो. जग त्याला बर्ट मन्रो म्हणून ओळखते. १९६७ च्या ऑगस्ट महिन्यात, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, सत्तेचाळीस वर्षे जुन्या मोटारसायकलवर पालथा पडून तो अमेरिकेतल्या मिठाच्या मैदानावरून ताशी जवळजवळ २९५ किलोमीटर वेगाने गेला आणि हजार सीसीखालच्या गटात त्याने विक्रम केला. २००५ साली त्याच्यावर चित्रपट निघाला, अँथनी हॉपकिन्सने त्यात बर्टची भूमिका केली आणि म्हातारपणी जग जिंकणारा एक वल्ली म्हणून तो घरोघरी पोचला. तो वल्ली होता यात शंकाच नाही. पण चित्रपट पाहून उठताना मनात राहतो तो वेग. त्या वेगाच्या पोटात असलेली चाळीस वर्षांची किचकट, कंटाळवाणी, हाताला घट्टे पाडणारी जुळवाजुळव पडद्यावर फारशी दिसत नाही. बर्ट मन्रोचे खरे चरित्र आहे ते तिथे. कोणत्या पिस्टनला कोणता कॅम मानवेल, आणि त्या कॅमला कोणती स्प्रिंग पेलवेल, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात एका माणसाने आपले आयुष्य घालवले, त्याची ही कहाणी.

बर्टचा जन्म २५ मार्च १८९९ चा. जुळ्यांतला हा एक. बरोबरची बहीण जन्मतःच गेली. तो वाढला इन्व्हरकार्गिलजवळच्या एडनडेल या शेतकरी वस्तीत. घरातला सगळ्यात चपळ घोडा काढायचा आणि शेतातून भरधाव सोडायचा, हा त्याचा लहानपणचा नाद. वडिलांची बोलणी खाऊनही तो सुटला नाही. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा लढाईवर जावे, त्या निमित्ताने जग पाहावे असे त्याच्या मनात होते, पण वय आड आले. युद्धानंतर काही काळ त्याने ओटिरा इथल्या रेल्वेच्या बोगद्यावर काम केले आणि वडिलांनी नवे शेत घेतल्यावर तो पुन्हा शेतावर आला. आणि १९२० मध्ये त्याने एक नवीकोरी मोटारसायकल विकत घेतली. तिचे नाव इंडियन स्काउट.

या नावाने आपण हुरळून जाऊ नये. त्या 'इंडियन'चा आपल्या देशाशी संबंध नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्ड गावी तयार होणारी ही गाडी, आणि नाव अमेरिकेच्या मूळ रहिवाशांवरून पडलेले. चार्ल्स फ्रँकलिन या आयरिश इंजिनिअरने तिचा आराखडा केला होता. इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखे मांडलेले दोन सिलिंडर, सुमारे ६०० सीसीचे इंजिन आणि ताशी ८९ किलोमीटर हा जास्तीत जास्त वेग. त्या काळच्या खडबडीत रस्त्यांना तो पुष्कळ होता. बर्टला मात्र सहा वर्षांत तो अपुरा वाटू लागला. १९२६ साली त्याने पहिल्यांदा गाडीचे इंजिन उघडले. ते त्याने पुढची चार दशके खऱ्या अर्थाने मिटलेच नाही.

आता थोडे इंजिनबद्दल बोलले पाहिजे. ज्यांनी स्कूटरला किक मारण्यापलीकडे तिच्याशी संबंध ठेवला नाही, त्यांनीही घाबरू नये. यातले काही स्वयंपाकघरातल्या अनुभवाच्या पलीकडचे नाही.

सिलिंडर म्हणजे एक गोल नळी. तिच्यात पिस्टन वरखाली होतो. नळीला दोन दारे असतात. एकातून इंधन आणि हवा आत येते, दुसऱ्यातून जळून गेलेला धूर बाहेर पडतो. ही दारे म्हणजे व्हॉल्व्ह. ती केव्हा उघडायची, किती उघडायची आणि किती वेळ उघडी ठेवायची हे ठरवतो कॅम. कॅम म्हणजे फिरणाऱ्या दांड्यावरचा एक उंचवटा. उंचवटा आला की दार ढकलले जाते, उंचवटा सरला की दार मिटते. पण ते आपसूक मिटत नाही. त्याला ओढून बंद करते ती व्हॉल्व्हची स्प्रिंग. म्हणजे कॅम दार उघडतो, स्प्रिंग दार लावते आणि पिस्टन त्या दारांसमोर सतत येजा करतो. मिनिटाला सहा हजार फेरे घेणाऱ्या इंजिनात पिस्टन एका सेकंदात शंभर वेळा खाली जाऊन वर येतो आणि प्रत्येक दार सेकंदाला पन्नास वेळा उघडून मिटते. इतक्या घाईत कुणाचाही कुणाला धक्का लागू नये, असा हा संसार.

बर्टच्या स्काउटमध्ये मुळात असा धक्का लागण्याची भीतीच नव्हती. तिचे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला बसवलेले होते. जणू चाळीतल्या दोन खोल्या. पिस्टन आपल्या खोलीत, व्हॉल्व्ह शेजारच्या खोलीत, आणि एकमेकांच्या वाटेत येण्याचा प्रसंग नाही. अशी इंजिने साधी, सोशिक आणि दीर्घायुषी असतात. पण हवेला आत येताना आणि बाहेर जाताना वळसे घ्यावे लागतात, त्यामुळे वेग वाढला की इंजिनला जणू दम लागतो. हा दम घालवण्याचा मार्ग म्हणजे व्हॉल्व्ह बाजूला न ठेवता डोक्यावर आणणे. बर्टने पुढे तेच केले. आणि त्या क्षणी, इतकी वर्षे एकमेकांचे तोंड न पाहिलेले पिस्टन आणि व्हॉल्व्ह अगदी समोरासमोर आले.

इथून खरी गोम सुरू होते. समजा, अधिक शक्ती हवी म्हणून कॅमचा उंचवटा वाढवला. दार जास्त उघडेल, जास्त वेळ उघडे राहील, वरच्या वेगात इंजिन पोटभर श्वास घेईल. पण जास्त उघडलेला व्हॉल्व्ह आता पिस्टनच्या अधिक जवळ येणार. धूर बाहेर पडून नवी हवा आत येण्याच्या सांध्यावर क्षणभर दोन्ही दारे थोडी थोडी उघडी असतात आणि नेमका त्याच वेळी पिस्टन अगदी वर आलेला असतो. टक्कर टाळायची तर पिस्टनच्या डोक्यावर खळगे कोरावे लागतात. खळगे कोरले की माथा पातळ होतो; पातळ माथा उष्णतेने वितळू शकतो. शिवाय खळग्यांमुळे वरची जागा वाढते आणि इंधन दाबले जाण्याचे प्रमाण कमी होते. म्हणजे कॅमने मिळवलेले थोडेसे पिस्टनने गमावले. तो दाब परत मिळवायला पिस्टनचा माथा फुगवावा, तर फुगवटा ज्योत पसरायच्या वाटेत येतो आणि पिस्टन जडही होतो. जड पिस्टन प्रत्येक फेरीला वर जाऊन थांबतो आणि उलट फिरतो तेव्हा त्याचा हिसका कनेक्टिंग रॉडला बसतो. वेग दुप्पट झाला की हा हिसका चौपट होतो. मग रॉड बदला.

स्प्रिंगचे दुखणे वेगळेच. स्प्रिंग मऊ ठेवली तर मोठ्या वेगात तिला दार वेळेवर ओढता येत नाही. व्हॉल्व्ह कॅमवरून सुटून क्षणभर तरंगतो, आणि खालून येणारा पिस्टन त्याला गाठतो. एवढी एकच भेट संपूर्ण इंजिन संपवायला पुरते. बरे, स्प्रिंग कडक घ्यावी, तर ती कॅमच्या उंचवट्यावर इतकी रेटून बसते की उंचवटाच झिजू लागतो. मधले पुशरॉड वाकतात. दार उघडण्यातच शक्ती खर्ची पडते. आणि कॅमचा उंचवटा वाढवताना जुनीच स्प्रिंग ठेवली, तर तिचे वेटोळे पूर्ण दाबले जाऊन एकमेकांवर टेकतात. तिथे स्प्रिंग ही स्प्रिंग राहत नाही, पोलादाचा ठोकळा होते. मग काहीतरी मोडतेच.

म्हणून जाणकार मिस्त्री सुटा भाग कधी निवडत नाहीत. ते कुटुंब निवडतात. आधी ठरवायचे की इंजिनने कोणत्या वेगात सर्वांत जास्त जोर द्यायचा आहे. गावात फिरायचे, घाट चढायचा की सरळ मैदानावर एकदाच जीव तोडून धावायचे? त्यावरून कॅम. कॅमवरून स्प्रिंग. दोघांवरून पिस्टनचा माथा. आणि इतके गणित करूनही शेवटी पिस्टनच्या डोक्यावर मऊ मेणमातीचा थर लावायचा, इंजिन जुळवायचे, हाताने सावकाश दोन फेरे फिरवायचे आणि पुन्हा उघडून पाहायचे. मातीत व्हॉल्व्हचा ठसा उमटलेला असतो. तिथे कापून उरलेल्या थराची जाडी मोजायची. पुऱ्या लाटताना जाडी बोटाने अजमावणाऱ्या गृहिणीला ही पद्धत सांगावी लागणार नाही.

आज हे काम पुष्कळ सोपे झाले आहे. पिस्टन, कॅम आणि स्प्रिंग एकमेकांना मानवतील असे संच तयार मिळतात, आकडे छापील मिळतात. बर्टपाशी यातले काही नव्हते. तो जगाच्या एका टोकाला होता, त्याची गाडी १९२० सालची होती, आणि त्याला जे भाग हवे होते ते कुठल्याच कारखान्याने कधी बनवलेले नव्हते. पुढे तर १९५३ मध्ये स्प्रिंगफील्डच्या मूळ कारखान्यातले उत्पादनच थांबले. तेव्हा निवड करायची म्हणजे आधी वस्तू घडवायची, हाच एक मार्ग होता.

त्याने पिस्टन स्वतः ओतले. वितळलेला धातू ओतण्यासाठी जुने डबे साचा म्हणून वापरले. सिलिंडर, फ्लायव्हील, कॅम, कॅमवर सरकणारे ठोकळे, तेल पोचवण्याची व्यवस्था, सगळे त्याच्या हातचे. मूळ इंजिनात दोन कॅम होते. त्याने चार केले, म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्हला स्वतःचा कॅम मिळाला आणि प्रत्येकाची वेळ निराळी ठरवता येऊ लागली. कनेक्टिंग रॉड त्याने ट्रॅक्टरच्या पोलादी आसातून हाताने कोरून काढले. बारीक मापे घ्यायला मायक्रोमीटर लागतो. त्याचे काम त्याने चाकाच्या एका जुन्या आऱ्यावर भागवले. आपल्याकडच्या एखाद्या जुन्या सोनाराला किंवा सुताराला यात नवल वाटणार नाही. माप यंत्रात नसते, हातात असते, हे त्यांना ठाऊक असते.

पण हात चुकतोही. ॲल्युमिनियमचा पिस्टन तापला की बिडाच्या सिलिंडरच्या जवळजवळ दुप्पट फुगतो. दोघांमध्ये फट कमी ठेवली तर तापल्यावर पिस्टन अडकून बसतो, ज्याला आपले मिस्त्री इंजिन सीज झाले म्हणतात. फट जास्त ठेवली तर पिस्टन खुळखुळतो आणि दाब निसटतो. ही फट केसाएवढी असते. ती कुठल्या पुस्तकात सापडणार? बर्टच्या मिश्रधातूचे पुस्तक कुणी लिहिलेच नव्हते. त्याला ती सापडायची ती धावताना, आणि बहुतेक वेळा इंजिन फुटल्यावर. फुटलेला पिस्टन मग फळीवर जायचा. तो फळीवरचा नैवेद्य म्हणजे खरे तर बर्टची वही होती. कुठे फट कमी पडली, कुठला रॉड कमी जाडीचा निघाला, याची नोंद धातूतच झालेली होती. आपल्यापैकी बहुतेक जण आपल्या चुका माळ्यावर टाकतात. या माणसाने त्या रोज डोळ्यांसमोर ठेवल्या.

दिवसा तो मोटारसायकली विकायचा आणि दुरुस्त करायचा. रात्री स्वतःच्या गाडीवर काम करायचा. कित्येकदा रात्र संपून सकाळ व्हायची आणि तो तसाच कामावर जायचा. इन्व्हरकार्गिलच्या पश्चिमेला ओरेटी नावाचा लांबलचक, टणक वाळूचा समुद्रकिनारा आहे. ओहोटी लागली की तो किनारा बर्टची प्रयोगशाळा होई. १९३८ मध्ये त्याने न्यूझीलंडमधला आपला पहिला वेगाचा विक्रम केला आणि पुढे आणखी सात.

इथवर वाचून कुणालाही त्याचे कौतुक वाटेल. पण कुटुंबवत्सल वाचकाच्या मनात एक प्रश्न आला असेल आणि तो टाळून चालणार नाही. या माणसाला घर होते का? होते. विसाच्या दशकात बेरिल नावाच्या मुलीशी त्याचे लग्न झाले होते. चार मुले झाली. मंदीच्या काळात त्याला काही दिवस पुन्हा वडिलांच्या शेताचा आसरा घ्यावा लागला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर हा संसार मोडला, घटस्फोट झाला. त्यानंतर बर्टने नोकरी सोडली आणि तो त्या शेडमध्ये राहायला गेला. एका अंगाला त्याचा बिछाना, दुसऱ्या अंगाला लेथ आणि मोटारसायकली. दिवस-रात्र हा भेदच उरला नाही.

बेरिलने त्या वर्षांत काय सोसले याची नोंद कुठल्या फळीवर नाही. रात्री दोन वाजता कानशीचा आवाज ऐकत, उद्याच्या खर्चाचा हिशेब मनात करत पडून राहणे काय असते, हे आपल्याकडच्या अनेक कलावंतांच्या, संशोधकांच्या आणि ध्येयवेड्यांच्या बायकांना सांगावे लागणार नाही. अशा माणसांची चरित्रे लिहिताना आपण त्यांच्या त्यागाबद्दल लिहितो. पण त्याग कुणाचा, हे सांगायचे राहून जाते. मला बर्ट मन्रोचा हेवा वाटतो आणि त्याच वेळी त्याच्यावर रागही येतो. धातूच्या तीन तुकड्यांचे सूर जुळावेत म्हणून ज्याने महिनोन् महिने घालवले, त्याला घरातल्या फटीचे माप घेता आले नाही. किंवा घ्यावेसे वाटले नाही. दोन्हींतले खरे काय, ते तोच जाणे.

एवढे मात्र खरे, की बोनव्हिल त्याच्या आयुष्यात आले ते या सगळ्यानंतर, जेव्हा लोक पेन्शनचे कागद नीट लावून ठेवतात त्या वयात. अमेरिकेच्या युटा राज्यात बोनव्हिल इथे एका प्राचीन सरोवराच्या जागी मिठाचे पांढरे, सपाट मैदान उरले आहे. जगातले वेगवेडे तिथे जमतात. बर्ट तिथे एकंदर दहा वेळा गेला. पहिल्यांदा नुसता पाहायला, आणि नंतर नऊ वेळा धावायला. या मैदानाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,२८० मीटर आहे, म्हणजे तिथली हवा विरळ. ओरेटीच्या किनाऱ्यावर, अगदी समुद्राच्या पातळीवर बसवलेले गणित इथे जसेच्या तसे चालत नाही. शिवाय विक्रम धरायचा तर एका दिशेने धावून भागत नाही. उलट दिशेनेही धावावे लागते आणि दोन्ही वेगांची सरासरी काढली जाते. म्हणजे इंजिनने एकदा जीव तोडून धावायचे आणि मग न फुटता पुन्हा एकदा.

१९६२ मध्ये बर्टने इंजिन ८५० सीसीपर्यंत वाढवून आणले होते. त्या वर्षी ८८३ सीसीच्या गटात त्याने ताशी २८८ किलोमीटरचा विक्रम केला. वय त्रेसष्ट. पुढे इंजिन ९२० सीसी झाले आणि १९६६ मध्ये हजार सीसीच्या गटात ताशी २७० किलोमीटरचा विक्रम झाला. इंजिन वाढले, वेग मात्र आधीपेक्षा कमी. मोठा सिलिंडर म्हणजे मोठा वेग, असे सरळ व्याज इथे मिळत नाही. सिलिंडर मोठा झाला की पिस्टन मोठा आणि जड होतो. तो जड झाला की रॉड, कॅम, स्प्रिंग, सगळ्यांशी नव्याने बोलणी करावी लागतात. बर्टने ती पुन्हा केली. १९६७ मध्ये तो सुमारे ९५० सीसीचे इंजिन घेऊन आला. ज्या गाडीच्या पोटात मुळात ६०० सीसी होते तिच्यात आता दीडपटीहून अधिक. पात्रता फेरीत एका दिशेने तो ताशी ३०५.९ किलोमीटर वेगाने गेला आणि अधिकृत विक्रम नोंदला गेला तो ताशी २९५.४५ किलोमीटरचा. कारखान्यातून निघाली तेव्हा या गाडीचा वेग ८९ होता, हे इथे पुन्हा आठवावे.

हे धावणे बिनधोक नव्हते. त्याच वर्षीच्या एका धावेत निम्म्याहून अधिक अंतर कापल्यावर गाडी डगमगू लागली. वेग कमी करण्यासाठी बर्ट कवचातून उठून बसला, तर वाऱ्याच्या झोताने डोळ्यांवरचा चष्मा उडवून नेला आणि त्याला काही दिसेनासे झाले. आखलेली काळी रेघ सोडून गाडी भरकटली, लोखंडी खुणेचा एक खांब काही इंचांनी चुकला, आणि शेवटी त्याने गाडी मिठावर आडवी पाडली. थोडे खरचटले, बाकी काही नाही. अडुसष्टाव्या वर्षी.

बर्टला हृदयविकार होता. १९७७ मध्ये पक्षाघाताचा झटका आला आणि हात पूर्वीसारखे ऐकेनासे झाले. ज्याचे सगळे आयुष्य हातांवर चालले त्याला याचा अर्थ कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आपली यंत्रे आपल्याच मुलखात राहावीत या इच्छेने त्याने ती स्थानिक व्यापाऱ्याला विकली. ६ जानेवारी १९७८ रोजी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, तो गेला. त्याची स्काउट इन्व्हरकार्गिलमधल्या हेज या हार्डवेअरच्या दुकानात मांडून ठेवण्यात आली. खिळे, पाने आणि रंगाचे डबे घ्यायला येणाऱ्या गिऱ्हाइकांच्या सहवासात. संगीतमय प्रकाशयोजनेच्या संग्रहालयापेक्षा ही जागा तिला अधिक शोभते असे मला वाटते.

आणि आता शेवटची गोष्ट, जी चित्रपटात नाही. असू शकत नव्हती, कारण ती त्यानंतर घडली.

मी उमेदीची वर्षे बँकेत काढली. संध्याकाळी ताळा जुळला नाही की घरी जायचे नाही, ही आमची शिस्त. बर्ट मन्रोसारख्याचा कर्जाचा अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर तारण शून्य, उत्पन्न नाही, प्रकल्प व्यवहार्य नाही असा शेरा मारून मी तो परत केला असता, आणि नियमाप्रमाणे ते बरोबरच झाले असते. पण बेरीज-भागाकारावर जन्म काढल्यामुळे पुढची हकिकत वाचून मी खुर्चीत सरळ होऊन बसलो.

१९६७ च्या विक्रमाचे दोन धावांचे आकडे नोंदलेले होते. उत्तरेकडे जाताना ताशी १८४.७१० मैल, दक्षिणेकडे येताना १८३.४६३ मैल. विक्रमाच्या दफ्तरात सरासरी लिहिली होती १८३.५८६. शाळेतला मुलगाही सांगेल की ही सरासरी चुकली आहे, ती १८४.०८७ यायला हवी. पण शाळेतल्या मुलाने काय किंवा मोठ्यांनी काय, दशकानुदशके कुणी ती पडताळून पाहिली नाही. छापलेला आकडा सगळ्यांनी खरा मानला. अखेर ही चूक एका माणसाच्या लक्षात आली आणि २०१४ मध्ये, बर्टच्या मृत्यूनंतर छत्तीस वर्षांनी, अमेरिकेच्या मोटारसायकल संघटनेने विक्रम दुरुस्त करून ताशी २९६.२६ किलोमीटर असा नोंदला.

चूक शोधणारा तो माणूस बर्टचा मुलगा होता.

फरक किती, तर ताशी अर्धा मैल. विक्रम आधीही बर्टच्याच नावावर होता आणि नंतरही राहिला. व्यवहाराच्या दृष्टीने यातून कुणाला काही मिळाले नाही. पण ज्या बापाने आयुष्यभर केसाएवढ्या फटीसाठी जीव टाकला, त्याच्या खात्यातला अर्ध्या मैलाचा तोटा त्याच्या मुलाने कागद घेऊन, आकडे मांडून भरून काढला. बर्टच्या शेडमध्ये मुलांसाठी किती जागा होती कोण जाणे. पण बापाने शिकवले असो वा नसो, मापाची ती नजर मुलापर्यंत पोचली होती. त्या घरात न जुळलेल्या पुष्कळ गोष्टींमधली निदान एक तरी, उशिरा का होईना, जुळली.